अंगणातली अर्थिंग

१६ एप्रिल

पोहोचलो. काम मोठं आहे आणि मला आवडलं आहे. हे आधी लिहून टाकते, कारण उद्यापासून मी नुसत्या काळज्या लिहीन.

नेरहून निघालो तेव्हा रोशनदादाच्या कानामागे जयंतीच्या मिरवणुकीतला निळा गुलाल तसाच होता. तो माझा चुलतभाऊ आणि कामातला जोडीदार. वणीला गाडी बदलली. पुढे सगळा रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. कोसडोह येईपर्यंत त्याचा निळा गुलाल काळा झाला होता आणि माझ्या ओढणीचा रंग कोणता होता हे कोणी सांगू शकलं नसतं.

घर नागोरावकाकांचं. पुढे राहतं घर, मागे पिठाची गिरणी, मधे लांबरुंद अंगण. दोन्हीकडची वायरिंग पूर्ण बदलायची आहे. घरात अजून लाकडी पट्टीवरच्या वायरी आहेत, हात लावला की वरचं कव्हर पापडासारखं मोडतं. मी बोर्ड उघडले, पंखे पाहिले, गिरणीची मोटार पाहिली. अर्थिंग कुठेच नाही. काका म्हणाले की त्यांच्या वडिलांपासून असंच चाललं आहे आणि या घरात आजवर कोणाला साधा झटकाही बसलेला नाही. मी सांगितलं की अर्थिंग करू देणार असाल तरच काम घेते. बाबांनी मला घरातच हे काम शिकवलं. पाढ्यांच्या आधी मला फेज आणि न्यूट्रल येत होतं. अर्थिंगशिवाय घर म्हणजे पायाशिवाय माणूस, असं ते म्हणतात. काका हसून हो म्हणाले.

रोशनदादा दिवसभर मला चिडवत होता की मी भिंती तपासते आहे की दहावीचे पेपर. मी प्रत्येक बोर्ड दोनदा पाहते, हे खरं आहे. एकदाच पाहिला तर मला झोप लागत नाही.

चंदाबाईकाकूंनी पातोडीची रस्साभाजी आणि ज्वारीची भाकर वाढली. ओसरीलगतची खोली आम्हाला दिली आहे, मधे पडदा लावून. काकू फार मायाळू आहेत. माझ्या ताटातली भाकर संपूच देत नव्हत्या.

१८ एप्रिल

घरातली जुनी वायरिंग सगळी उतरवली. भिंतीत पाइपांसाठी झिऱ्या मारणं चालू आहे. अंगावर इतका चुना बसला आहे की गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या बायांना मी गिरणीवालीच वाटते.

आज अंगणाबद्दल कळलं. सगळं अंगण शेणानं सारवलेलं आहे, फक्त गिरणीच्या भिंतीजवळचा एक तुकडा सारवत नाहीत. तिथे उघडी काळी माती आहे, उन्हानं हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. दादा तिथे पाइप रचून ठेवत होता. काकूंनी ते उचलायला लावले.

जेवताना त्यांनीच सांगितलं. गावात कोणाला करंट लागला की त्याला या अंगणात आणतात, त्या तुकड्यात खड्डा करून गळ्यापर्यंत मातीत पुरतात. माती अंगातला करंट ओढून घेते. सगळ्या गावाची माती ओढत नाही, इथलीच ओढते. पंपाच्या स्टार्टरवर चिकटलेले, तारेवर काठी लागलेले, कितीतरी जण इथून उठून चहा पिऊन घरी गेले, असं काकू अभिमानानं सांगत होत्या.

"माह्या आंगनाची माती ओढते, पोरी. आंगातला करंट पुरा ओढून घेते."

मला गप्प बसवेना. मी म्हटलं की करंट अंगात राहत नाही, माणूस तारेपासून सुटला की तो संपतो. बंद पडतं ते काळीज. अशा वेळी छाती दाबायची, तोंडानं श्वास द्यायचा. मातीत पुरलं तर मातीच्या वजनानं त्याला श्वासच घेता येत नाही. जे उठले ते तसेही उठले असते. मी उशी घेऊन छाती कशी दाबतात तेही करून दाखवलं. काका खाली मान घालून जेवत राहिले. काकूंनी सगळं ऐकलं आणि मला आणखी भाजी वाढली.

मग त्यांनी प्रफुल्लचं सांगितलं. त्यांचा एकुलता मुलगा. गावातल्या लग्नात मांडवाच्या लाइटिंगवर चिकटला. इथे आणून पुरला. थोड्या वेळानं शुद्धीवर आला, बोलायलाही लागला. सारखं पाणी मागत होता. पण पुरलेल्याला पाणी द्यायचं नसतं, पाण्यानं करंट वाढतो, असं जाणत्यांचं म्हणणं पडलं. तो दुपारभर मागत राहिला. ऊन उतरलं तेव्हा मागायचा थांबला.

"मायनं पानी देलं नाही," काकू म्हणाल्या, आणि ताटं गोळा करून आत गेल्या.

मी हे आधी ऐकलं असतं तर ते उशीचं केलं नसतं. माफी मागायला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. त्यांना मी काय सांगितलं? की तुमचा मुलगा जिवंत होता आणि मातीनं गुदमरला. भाकर वाढणाऱ्या बाईला मी हे सांगितलं.

२० एप्रिल

अर्थिंगच्या खड्ड्याला जागाच मिळेना. घराभोवती सिमेंट केलेलं, गिरणीमागे कुदळ मारली तर लगेच खडक. खोल माती फक्त त्या उघड्या तुकड्यात आहे. मी काकांना म्हटलं की काकूंना तुम्हीच विचारा. त्यांनी विचारलं. काकूंनी सरळ नाही म्हटलं आणि मला बरंच वाटलं, काम अडलं तरी.

मग मी काकांना सांगत होते की जागा कुठलीही असली तरी उन्हाळ्यात खड्ड्यात रोज पाणी घालावं लागेल, माती कोरडी पडली की अर्थिंग कामाची राहत नाही. काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. रोज? असं विचारलं. मी म्हटलं, रोज. किती? बादलीभर तरी. आणि कोणी घालायचं? मी म्हटलं, घरातल्या कोणीही.

"मंग खोद," त्या म्हणाल्या.

माणूसभर खोल गेलो. वर भेगाळलेली माती, पण खाली ओली. या दिवसांत गावच्या विहिरी तळाला गेल्या आहेत आणि ही माती हाताला चिकटते. गरमही आहे, चुलीजवळच्या भिंतीसारखी. दादा म्हणाला की ही माती चहा पिऊन राह्यली वाटते. तो वर चढताना त्याचा एक गमबूट आत रुतून राहिला. दोर बांधून दोघांनी ओढला. निघाला तो चपटा होऊन, चेपलेल्या डब्यासारखा. ओल्यानं काळी माती फुगते, ते खरं, पण इतक्या वेळात इतकी? दादा त्या बुटाची पोळी दाखवून दळणाच्या बायांना हसवत होता.

तांब्याची प्लेट उभी ठेवली, मीठ आणि कोळसा थरांनी भरला. दगडी कोळसा चालत नाही, लाकडी लागतो. कोळशाच्या गावात वणीहून कोळसा विकत आणला म्हणून दादा अजून हसतो आहे.

पहिली बादली काकूंनी ओतली. नळी लावलेली होती, पण त्यांनी पाणी ओंजळीनं घातलं.

२३ एप्रिल

काम पूर्ण.

अर्थिंगचं माप इतकं चांगलं आलं की मी मीटर बदलून पुन्हा घेतलं. बाबांना फोन केला. ते म्हणाले, जन्मात अशी अर्थिंग पाहिली नाही. बाबांनी माझ्या कामाला असं म्हणावं म्हणून मी किती वर्षं थांबले होते.

खड्ड्यातून तांब्याची पट्टी वर येते, गिरणीच्या भिंतीच्या पायाशी एका भोकातून आत जाते आणि गिरणीच्या मेन बोर्डला मिळते. तिथून हिरव्या वायरी निघतात: मोटारीला, चक्कीला, आणि पलीकडे घरात फ्रीजला, कूलरला, प्रत्येक बोर्डाच्या पत्र्याच्या पेटीला. घरातलं सगळं लोखंड आता जमिनीशी जोडलेलं आहे.

काकांनी नारळ फोडला. मेन स्विच मला ओढायला लावला. सगळे दिवे लागले, चक्की फिरली, दळणवाल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. उद्या एक दिवस सगळं चालवून बघायचं आणि मग नेर.

२५ एप्रिल

निघालो नाही.

सकाळी पाणी प्यायला आत गेले तर काकू फ्रीजचा दांडा धरून उभ्या होत्या. अनवाणी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. कानशिलावरचे केस उभे राहिले होते. मी हाक मारली तर त्यांनी दुसऱ्या हातानं मला गप्प राहायची खूण केली, झोपलेलं मूल असल्यासारखी.

त्यांनी हात सोडल्यावर मी टेस्ट लॅम्प लावला. फ्रीजच्या बॉडीवर दिवा लागला. मेन बंद केला. दिवा लागलेलाच. बाबांना विचारलं, ते म्हणाले बाहेरून येत असेल, कुठे तार तुटून जमिनीवर पडली असेल. लाइनमनला बोलावून गावाची लाइनच बंद करवली. सगळ्या गावाचे पंखे थांबले आणि आमचा दिवा तसाच. मग मी अर्थिंगची वायर सोडली, फक्त एका बोर्डाची. त्या बोर्डावरचा दिवा विझला.

म्हणजे करंट घरातून जमिनीत जात नाही. जमिनीतून घरात येतो. इतक्या माणसांच्या अंगातला त्या मातीनं ओढून घेतलेला. मी ज्याला शहाणपणानं हसले ते खरं होतं, आणि मीच तांब्याची वाट करून दिली.

मी काकूंना सांगितलं की पट्टी आजच कापते. त्या जाऊन खड्ड्याच्या झाकणावर बसल्या.

"पानी मांगून राह्यला तो. आता मी देतो त्याले रोज. तू काहून तोडतं?"

दादा म्हणाला की गिरणीत जाऊन बोर्डापाशी कापून टाकू, दोन मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं. घर त्यांचं आहे, मालकानं हो म्हटल्याशिवाय केलेलं काम तोडायचं नाही. काका म्हणाले की आजचा दिवस द्या, ते समजावतील. तोपर्यंत कोणी लोखंडाला हात लावणार नाही असं सगळ्यांना बजावून सांगितलं.

माझं बरोबर होतं ना? एक दिवसाचा तर प्रश्न होता.

२६ एप्रिल

काका गेले.

सकाळी दळणाच्या बाया आल्या. चक्की बंद आहे सांगायला काका गिरणीत गेले आणि सवयीनं चक्कीच्या दांड्यावर हात ठेवला. मेन बंद होता. मी स्वतः बंद केला होता.

त्यांचा हात सुटेना. मी लाकडी मोगरी घेऊन पोचेपर्यंत बंद मोटार फिरायला लागली. पट्टा सुरू झाला. त्यांचं धोतर ओढलं, मग दुसरा हात, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. हाड मोडल्याचा आवाज चक्कीच्या आवाजावर ऐकू आला. मी मोगरीनं पट्टा पाडला. पिठाच्या पेटीत रक्त पडून त्याचा गोळा होत होता आणि ते डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते.

ते जिवंत होते. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला, ओढणीनं खांदा आवळून बांधला. पण गाव आलं. माझ्या हातांतून त्यांना घेतलं. मी ओरडले की हे रक्त आहे, करंट नाही, दवाखान्यात न्या. एका म्हातारीनं माझ्या पाठीवर हात फिरवला, घाबरू नको म्हणाली.

खड्ड्याशेजारी पुरलं. गळ्यापर्यंत. ओली माती. मी पाहिली ती हलताना. बाहेरून आत, मूठ आवळावी तशी. त्यांच्या बरगड्या एकेक करून मोडल्या, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडाव्या तशा. तोंडातून रक्त आलं. लोक हात जोडून उभे होते.

ॲम्ब्युलन्स ट्रकांच्या रांगेत अडकली होती. आली ती प्रेत न्यायला.

काकू रडल्या नाहीत. गिरणीच्या लाकडी दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली, आणि बादली घेऊन खड्ड्यावर गेल्या.

दादा म्हणतो आता चल, पोलिसांना वणीत जाऊन सांगू. मी जात नाही. उद्या कोणाचं तरी लेकरू या घराच्या कडीला हात लावेल. ती पट्टी मी घातली आहे.

२७ एप्रिल

गिरणीला कुलूप, म्हणून पट्टी खड्ड्यावरच कापायची ठरली. काकू देवळात गेल्या तेव्हा. भर दुपार. मी म्हटलं मी कापते. दादा म्हणाला, तुह्याकडून पक्कड दोनदा तपासून होईपर्यंत बुढी वापस येईन. हातात रबरी मोजे, पायाखाली कोरडी फळी. सगळं बरोबर होतं. मी तपासलं होतं.

फळी मातीत गेली. फळीसकट पाय. भेग मिटली. घोट्याचं हाड मोडलेलं मी ऐकलं. तो पुढे पडला, तोंडावर, पट्टीवर. गाल पट्टीला लागला.

चिकटला. पाठ कमानीसारखी. दात आवळून तुटले, तुकडे ओठांतून बाहेर आले. गालाचं मांस शिजत होतं आणि वास— मी काठीनं मारलं. सुटेना. पुन्हा मारलं, खांदा मोडला, पुन्हा मारलं. माझ्या भावाला मी लाकूडफाट्यासारखं मारलं तेव्हा तो सुटला. गाल पट्टीवरच राहिला.

श्वास नव्हता. मी छाती दाबली. दाबत राहिले. आला श्वास! त्यानं माझं नाव घेतलं, माले म्हणाला—

मग ते आले. सगळे. माझे केस धरून ओढलं. मी चावले, कोणाचा तरी अंगठा तोंडात होता, मी सोडला नाही. रागावलं कोणीच नाही. पोरगी चांगली आहे, घाबरली आहे, असंच म्हणत होते. फोन पायाखाली चुरडला. ती त्याला शिवली, तिच्याही अंगात करंट उतरला असेल, कोणी तरी म्हणालं. काकूंनी माझं तोंड पदरानं पुसलं.

"एक रात थांब, माय. सकाळी तुलेबी मोकळं करतो."

गिरणीत कोंडलं. पिशवी खांद्यालाच होती, ही वही तीतच. फळ्यांच्या फटीतून अंगण दिसतं. त्याचं डोकं दिसतं. गळ्याखाली माती. तो पाणी मागतो आहे.

मी ओरडते की श्वास उथळ घे, छाती फुगवू नकोस, मी येते.

दार मोडत नाही.

२८ एप्रिल

उजाडलं. त्याचं डोकं एका बाजूला कललं आहे. मुंग्या आहेत. मी हाका मारल्या. बोलत नाही.

फावडी वाजतात. माझ्यासाठी. त्याच्याच शेजारी.

पट्टी इथेच आहे की. समोर. भोकातून वर, बोर्डापर्यंत. पिशवीत माझी पक्कड आहे. कालपासून होती. मी दार मोडत बसले आणि ही— कापली की घर सुटेल. गाव सुटेल. दोन मिनिटांचं काम—

पक्कड लावली. कापणार तेवढ्यात बोर्डाच्या पेटीतून आवाज आला. घरघर, सैल तार वाजते तशी. मग शब्द.

माले. पानी.

त्याचा आहे. दात नसलेल्या तोंडाचा. बाहेर डोकं हलत नाही आणि इथे तो बोलतो आहे. मागे आणखी कोणीतरी आहेत, पुष्कळ, सगळे तेच मागतात, पण मला त्याचा वेगळा ओळखू येतो—

कापलं की हा थांबेल. कापायलाच पाहिजे. लेकरं येतात दळण घेऊन. कापायलाच पाहिजे.

दादा, कापते रे.

कोपऱ्यात दळणवाल्यांचा माठ आहे, भरलेला. भोकातून पाणी टाकलं तर खाली त्याच्यापर्यंत जाईल. पुरलेल्याला कोणी देत नाही. रात्रभर मागत होता, माझ्याकडे माठ होता आणि मी दिलं नाही—

कुलूप काढतात. पक्कड पट्टीवरच आहे, हलवली नाही. कापते. एवढा माठ रिकामा झाला की लगेच—

पितो आहे. ऐकू येतं. आणखी माग—